डी ड्राइव्हवरची इमेज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — का व्हावं हलकं? मला माझी चीड येते. चार वर्षं येतेय.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळतो. भाग मापात आहेत का, हे तपासणारं एक मशीन तिथे आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर सुनंदाताईंनी आठ वर्षं बसून एकेका भागाचा प्रोग्रॅम लिहिला होता. थेरगावहून यायच्या, कमी बोलायच्या. त्या कॉम्प्युटरची इमेज, म्हणजे सगळ्याची जशीच्या तशी नक्कल, दर महिन्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन कपाटात ठेवायची, हे माझं काम. एवढंच काम होतं, राव.

खंडेनवमीला कंपनीत सगळी मशीनं पुजतात. मी शहाण्याने ती डिस्कही पाटावर मांडली — माझं हत्यार म्हणून. हळदकुंकू, झेंडू, वरून पळीभर पाणी. डिस्क गेली. नवी मागायची तर हे साहेबांना सांगावं लागणार, आणि सगळं ऑफिस हसणार. मग मी काय केलं? त्याच कॉम्प्युटरच्या डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग पाडले, आणि इमेज डीवर टाकू लागलो. घर पेटलं तर दागिने दुसऱ्या खोलीत आहेत म्हणून वाचतात का? मला काय कळत नव्हतं? तरी कामाच्या तक्त्यात 'बाहेरच्या डिस्कवर घेतली' याच्यासमोर मी दर महिन्याला बरोबरची खूण करत होतो.

एका सकाळी कॉम्प्युटरची डिस्क टकटक वाजली आणि बंद पडली. सी गेला, डीही गेला. ग्राहकाची माणसं तपासणीला यायची होती. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं — कशाने झालं? बॅकअप कुठाय?

आता इथे — नाही, सांगतो. आदल्याच आठवड्यात ताईंनी मुलीचा कॉलेजचा फॉर्म छापायला पेनड्राइव्ह आणला होता. मला विचारून. मी म्हणालो होतो, आणा इकडे. आणि माझ्या हाताने त्याच कॉम्प्युटरला लावला होता.

साहेबांना मी सांगितलं, ताईंच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला. बॅकअपची डिस्क तेव्हा जोडलेली होती, तीही गेली. पुरावा म्हणून ती पुजलेली डिस्क कपाटातून काढून दाखवली. कुंकू आधीच पुसून ठेवलं होतं.

ताई म्हणाल्या, "सर, तुम्हीच लावला होता ना?"

मी म्हणालो, "मी कशाला लावीन, ताई? उगाच माझ्यावर ढकलू नका."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी आता खरं बोलेन म्हणून. मी खाली बघितलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना पॅकिंगला टाकलं.

पुढे पिंपरीतल्या एका डेटा रिकव्हरीवाल्याने त्या मेलेल्या डिस्कमधून डी भाग बाहेर काढला. इमेज शाबूत होती. सोबत त्याने लिहून दिलं — डिस्क झिजून गेली, व्हायरसचा मागमूस नाही. तो कागद मी फाडला. साहेबांना म्हणालो, डीवर मी एक जादा प्रत ठेवली होती. साहेब म्हणाले, हुशार आहेस. हुशार! आणि मी हसलो, निर्लज्जासारखा.

सकाळच्या मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. पॅकिंगच्या रांगेतून ताईंनीही वाजवल्या. प्रोग्रॅम परत आले याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता. तो चेहरा मला आजही सहन होत नाही.

आता त्या इमेजच्या प्रती दोन बाहेरच्या डिस्कवर आहेत, दोन वेगळ्या इमारतींत. दर महिन्याला मी दोन्ही उघडून तपासतो. खोटी खूण करत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव येतं — सुनंदा.

ताई अजून पॅकिंगलाच आहेत. आठ तास उभ्या.