ढिम्म न हलणारी पेशी

खराडीतली बरी सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मी पीएचडीला आले, ती एका पेशीला चालवायला. खरी नव्हे हं, कम्प्युटरमधली. पेशीच्या आत प्रथिनांच्या बारीक धाग्यांचा सांगाडा असतो. एका बाजूचे धागे वाढतात, कड पुढे ढकलतात, मागची बाजू आवळली जाते आणि पेशी आकार बदलत सरकते. हे सगळं समीकरणांत मांडायचं, एवढंच माझं काम. एवढंच!

माझी पेशी मात्र ढिम्म हलेना. फुगायची, आक्रसायची, पण पुरीसारखी गोलच्या गोल. असं वर्ष गेलं, तेव्हा आमचे गाइड म्हणाले, "सोमवारच्या मीटिंगपर्यंत बघा. नाहीतर आपण दुसरा प्रॉब्लेम घेऊ." सर ओरडत नाहीत, 'आपण' म्हणतात, म्हणून जास्त लागतं. मला दुसरा नकोच होता. याच्यापायी तर मी घरच्यांची बोलणी खाल्ली होती.

शनिवारी मायक्रोस्कोपवाली मैत्रीण चहा घेऊन आली. ती डिशमध्ये खऱ्या पेशी वाढवते. माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणाली, "काय गं, ही पेशी आहे की कंपासनं काढलेलं वर्तुळ? माझ्याकडे एकही बया धड गोल नाही!"

भांडायला तोंड उघडलं आणि माझी नजर माझ्याच आकड्यांवर गेली. मेली ती सॉफ्टवेअरची सवय! सगळे आकडे मी घासूनपुसून लख्ख ठेवले होते. सगळीकडे धागे सारखे, जोर सारखा. चहूकडून सारखंच ढकललं तर बिचारीने जायचं तरी कुठे?

चहा बाजूला ठेवून मी एका कडेला चिमूटभर जास्त धागे घातले आणि प्रोग्राम चालवला. ती कड जराशी पुढे आली. मागची बाजू आवळली. आणि अगं बाई, निघाली की! आम्ही दोघी अशा किंचाळलो की शेजारच्या लॅबमधले लोक काय फुटलं म्हणून धावत आले. आनंदाच्या भरात मी त्यांना ओढतच स्क्रीनपाशी नेलं.

सोमवारी सरांनी पेशी चालतानाची फिल्म पुन्हा पुन्हा लावून बघितली. चेहरा कोरा. न राहवून मीच विचारलं, "सर, मग दुसरा प्रॉब्लेम कधी सुरू करायचा?"

"कशाला?" सर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. "हिला वळायला कोण शिकवणार?"