गारेगारकाकांनी पुसलेल्या बाटल्या

काही माणसांना स्वस्थ बसा म्हटलं की घाम फुटतो. गारेगारकाका त्यांतले. फ्रिज दुरुस्त करायचा धंदा, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं. कुणाकडे गेले तर पाहुण्यासारखं खुर्चीत टेकणं त्यांना कधी जमलं नाही. चहा यायच्या आत ते स्वयंपाकघरात शिरत, फ्रिजच्या पाठीला तळहात लावत, डोळे मिटत आणि नाडी पाहून झाल्यासारखे म्हणत, "दम लागतोय याला." बहुतेक वेळा खरंच लागलेला असायचा.

ओल हा त्यांचा जन्माचा वैरी. ओल राहिली की गंज, गंज आला की गॅस गळणार, हे डोक्यात इतकं पक्कं की खांद्यावर कायम फडकं. काकांना पाणी दिसलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, असं कधी घडलं नव्हतं.

अशा माणसाच्या नशिबी दोन करारी बायका आल्या. एक बायको, शाळेत विज्ञान शिकवणारी, जिच्या नुसत्या चष्मा काढण्यानं वर्ग चिडीचूप व्हायचा. दुसरी एकुलती एक लेक, आईचीच दुसरी आवृत्ती. लेक शिकली, शेजारच्या राज्यात नोकरीला गेली आणि तिथल्या एका छोट्या ब्रूअरीत बिअर बनवू लागली. सुट्टीत घरी आली तेव्हा जेवता जेवता आई म्हणाली, "एवढं शिकून शेवटी भट्टीच लावलीस." लेक ताटावरून उठली. त्यानंतर तिचे फोन यायचे ते वडिलांना, आणि आई शेजारच्या खोलीत मोठ्यानं भांडी लावायची. नाटकात दोन विंगांमधून अंधारात सामान हलवणारा एक माणूस असतो, तो प्रेक्षकांना दिसत नाही आणि त्याला बसायलाही मिळत नाही. काकांचं तसं झालं होतं.

मग लेकीनं स्वतःच्या कृतीची पहिली बिअर काढली. तिनं वडिलांना निरोप दिला की आईनं तिचा एक घोट घ्यावा. आवडली नाही म्हणाली तरी चालेल, पण न चाखता भट्टी म्हणू नये. चाखली तर मी घरी येईन.

काकांनी हा निरोप पोचवला. बायको पेपर तपासत होती. तिनं लाल पेन खाली ठेवलं नाही.

"आणा," ती म्हणाली. "पण रीतसर. पिशवीत कपड्यांखाली दडवून आणलीत तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही. माझी मुलगी चोरीचा माल बनवत नाही."

काकांना त्या वाक्यातलं 'माझी मुलगी' तेवढं ऐकू आलं. त्या रात्री ते तीनदा पाणी प्यायला उठले.

दुसऱ्या राज्यातून दारू आणायची तर परवाना लागतो, आणि तो मागायला सहसा कुणी येत नाही, हे त्यांना अबकारी कचेरीत कळलं. तिथला कारकून म्हणाला, "काका, सगळे तशीच आणतात हो." काका म्हणाले, "सगळ्यांच्या घरी आमची बाई नाही." साहेबांची सही होईपर्यंत त्यांनी कचेरीत येरझारा घातल्या आणि जाता जाता खडखडणाऱ्या वॉटर कूलरचा मागचा स्क्रूही आवळून दिला.

परवाना खिशात घालून ते लेकीकडे पोचले. ती गमबूट घालून ओल्या फरशीवर उभी होती, केस रुमालात बांधलेले, हाताला धान्याचा गोडसर वास. तिनं बाटल्या, बिल सगळं नीट हातात दिलं आणि बजावलं, "बाबा, ही गाळलेली नाही, आत यीस्ट जिवंत आहे. तापली तर बिघडेल. थंडच राहिली पाहिजे." थंड ठेवण्याविषयी काकांना कुणी सांगावं? त्यांनी स्वतःचं थर्माकोलचं खोकं आणलं होतं. बर्फाचा थर, बाटल्या, पुन्हा बर्फ. लेक बघून हसली, बस सुटताना मात्र तिचा चेहरा निकाल लागायच्या दिवशी असायचा तसा झाला.

सकाळची बस. खोकं मांडीवर. काकांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग वाटलं, बर्फ वितळला असेल का? झाकण उघडलं. बाटल्यांवर दव. खांद्यावरचं फडकं आपोआप हातात आलं. एकेक बाटली पुसून आत ठेवली. जरा पुढं गेल्यावर पुन्हा चैन पडेना, पुन्हा झाकण, पुन्हा दव. बाहेरची गरम हवा आत गेली की दव येणारच, हे ते गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगत आले होते. पण मांडीवर लेकीचं घरी येणं असलं की माणूस स्वतःचं शहाणपण विसरतो. शेजारचा प्रवासी म्हणाला, "काका, बाळाला किती वेळा आंघोळ घालताय?" तोवर लेबलांचा लगदा व्हायला लागला होता. ओला कागद राहिला तर बुरशी धरेल, म्हणून काकांनी तो नखानं सोलला. मागचा डिंकही घासून काढला. बाटल्या अशा लखलखायला लागल्या की त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

हद्दीच्या नाक्यावर बस थांबली. तपासणी करणारे साहेब वयानं तरुण, आवाज मवाळ. परवाना पाहून चकितच झाले, बिल पाहून खूश झाले, आणि खोकं उघडल्यावर एकेक बाटली फिरवून पाहू लागले.

"लेबलं कुठायत?"

काकांनी खिशातून ओल्या कागदाचा गोळा काढून दाखवला.

साहेबांनी समजावून सांगितलं. बिअर कुठल्या ब्रूअरीची, कधी भरलेली, त्या राज्याचा शिक्का, सगळं त्या लेबलावर. "परवाना खरा, बिल खरं, पण बाटल्या मुक्या झाल्या की हो. यांत काय आहे हे मी कशावरून म्हणू?" मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "काका, बसमध्ये बसा. मी परवाना पाहिला, खोकं पाहिलं नाही."

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. कंडक्टर दारात लटकून हात करत होता. आत सीट, मांडीवर खोकं, दुपारपर्यंत घर. कुणाला काही कळायचं नव्हतं. काकांचा एक पाय पायरीवर गेला. आणि तो तिथंच राहिला, कारण दुसरा काही केल्या उचलेना.

"साहेब," ते म्हणाले, "घरी विचारतील नाक्यावर काय झालं. मला खोटं बोलता येत नाही. तोंड गप्प राहिलं तर चेहरा बोलतो."

बस गेली. काका खोकं घेऊन चौकीच्या सावलीत या टोकापासून त्या टोकाला फिरत राहिले. एक शिपाई म्हणाला, बसा ना. बसले, आणि लगेच उठले. आता लेकीला काय सांगायचं? तिच्या पहिल्या बिअरवरचं नाव आपणच खरवडून काढलं, हे? शेवटी त्यांनी घरी फोन लावला आणि झालं ते सगळं सांगून टाकलं.

पलीकडून बायकोनं विचारलं, "सगळी लेबलं?"

"सगळी."

"डिंकसुद्धा?"

"डिंकसुद्धा."

तिकडून नाकातून निघाल्यासारखा एक आवाज आला. चिडली की रडली, काकांना कळेना. मग ती म्हणाली, "तिथंच थांबा. मी निघते. आणि बाटल्यांना ऊन लागू देऊ नका."

दुपारच्या बसमधून ती उतरली, शाळेची पर्स खांद्याला, चष्मा नाकावर. नवऱ्याकडं न बघता ती आधी साहेबांकडं गेली. नियम काय, तो कशासाठी, हे विचारून घेतलं. साहेब विद्यार्थ्यासारखे उभे राहून उत्तरं देत होते. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली, आणि पुढं विचारलं, "पलीकडं जाणारी बस कधी आहे?"

न्यायची ती बाटली घरापर्यंत, आणि इथं घरच ब्रूअरीकडं निघालं होतं. बसमध्ये तिनं खोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. काकांचा हात झाकणाकडं गेला तशी म्हणाली, "हात लावायचा नाही." काका वाटभर सीटवर या कडेवरून त्या कडेवर सरकत राहिले.

ब्रूअरीच्या दारात लेक नळी धूत होती. आईला पाहून ती नळ बंद करायचंच विसरली. आई पाणी चुकवत आत आली, टाकीवरचा काटा वाचला आणि विचारलं, "यीस्टला एवढं तापमान पुरतं?" लेक सांगू लागली. किती दिवस, का, कमी झालं तर काय होतं. आई मधूनच अडवी, लेक न अडखळता पुढं जाई. काका दाराशी, मग टाकीशी, मग पुन्हा दाराशी. तोंडी परीक्षा चालली होती आणि पास कुणी व्हायचं होतं ते त्यांना सांगता आलं नसतं.

लेकीनं खोक्यातली एक लेबल नसलेली बाटली उघडून पेल्यात ओतली. आईनं पेला उजेडात धरला, हुंगला, आणि एक घोट घेतला.

"कडू आहे."

"असायलाच हवी, आई."

"ते कळलं. मी तक्रार करत नाहीये." तिनं दुसरा घोट घेतला. तो पहिल्याहून मोठा होता. मग म्हणाली, "उरलेल्या बदलून लेबलवाल्या दे. संध्याकाळच्या बसनं निघायचंय. तूही चल."

"मी?"

"परवाना यांच्या नावावर आहे म्हणून काय पुन्हा यांच्या मांडीवर द्यायच्या का बाटल्या?"

लेक पायरीवर बसून गमबूट ओढू लागली. एक निघाला. दुसरा पायाला घट्ट चिकटून बसला, हलेना. काका पुढं व्हायच्या आत आईनं पेला खाली ठेवला, साडी सावरली, ओल्या फरशीवर उकिडवी बसली आणि लेकीची टाच दोन्ही हातांनी धरून ओढायला लागली.