खसखशीचे लाडू

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याच्या मापापासून देवाच्या कौलापर्यंत मी सगळ्यावर शंका घेते. दुबईला निघण्याआधी गावाहून दिरांचा फोन आला, "देवीने कौल दिलान, बिनधास्त जा." तेव्हाही माझ्या मनात आलं, हे देवळात गेले तरी होते का? दत्तगुरूंचं नाव मी कित्येक वर्षं घेते आहे, पण मनातली ही कुसळं काही निघत नाहीत. आणि या वेळी जायचं होतं ते लेकीच्या बाळंतपणाला. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. या खेपेला तिने माझ्याकडे एकच मागितलं, "आई, मला आत नेतील तेव्हा तू असशील ना गं?"

फोनवर तिने नियमांची माळच लावली. रमजान चालू आहे, दिवसा रस्त्यात पाणी पीत उभी राहू नकोस. खांदे झाकलेले असू देत. अनोळखी बाईचा फोटो काढू नकोस. पुरुषाने हात पुढे केला नाही तर आपण करायचा नाही. द्यायचं-घ्यायचं ते उजव्या हाताने. मी म्हटलं, "अगं, तिथे माणसं राहतात की सासवा?" ती हसली, पण मला खरोखर धास्ती वाटत होती. त्या लोकांच्या देशात मी एकटी, भाषा येत नाही, काही चुकलं तर सोडवणार कोण? ह्यांचे गुडघे धरलेले, त्यामुळे ते घाटकोपरलाच राहणार होते. "काही आणू नकोस, इथे सगळं मिळतं," असंही लेक म्हणाली होती. पण कुठली आई रिकाम्या हाताने बाळंतपणाला जाते? तिला न सांगता मी भरपूर तूप घालून डिंकाचे लाडू वळले आणि वर्षाचा मालवणी मसालाही बांधून घेतला.

निघायच्या दिवशी सकाळीच जावयाचा निरोप आला, की हिला कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात नेतोय. तारखेला अजून अवकाश होता. अंधेरीला विमानतळावर पोचले तेव्हा दोघांचेही फोन लागत नव्हते. दाराबाहेर एका कडेला बसून मी लाडवांचा डबा एका बॅगेतून दुसरीत हलवत होते. शेजारी एक बुरखा घातलेली म्हातारी बसली होती. तिने खुणेनेच मला तिची पिशवी जरा धरायला सांगितली, तिला चप्पल नीट करायची होती. मी चटकन मान फिरवली. परक्याचं सामान धरलं म्हणून अडकलेल्या लोकांच्या गोष्टी मी ऐकून होते. ती रागावली नाही. म्हणाली, "बरोबर केलंस गो बाय. कोणाचा सामान हातात घेऊ नको."

मी चमकले. बुरख्यातून आमच्या कोकणातली बोली! ती खेडकडची निघाली, माझ्याच विमानाने दुबईला लेकाकडे चालली होती. तिने विचारलं म्हणून मीही लेकीच्या बाळंतपणाचं सांगितलं. बोली ओळखीची निघाली म्हणून माझा संशय मात्र कमी झाला नाही, उलट वाढला. गोड बोलून काय उकळणार ही? इतक्यात तिने डब्याकडे बोट दाखवलं. "लाडवांत खसखस हाय?"

"आहे की. खसखशीशिवाय डिंकाचा लाडू होतो का?"

"आणि मसाल्यात?"

"त्यातही."

तिने कपाळावर हात मारला. "दोन्ही ठेव मागे. तिकडे खसखस नशेच्या मालात धरतात. आमच्या गावच्या एका पोराला मसाल्यापायी अडकवून ठेवलं होतं. तू लेकीकडे जातेस की कोठडीत?"

मला ते पटेना. खसखस म्हणजे काय गांजा आहे? डबा लाटायला तर ही सांगत नसेल? तिला पोचवायला आलेला तिचा भाऊ कुर्ल्याला राहत होता. तो म्हणाला, "ताई, पत्ता द्या, तुमच्या घरी पोचवतो." झालं, आता पत्ताही हवा! मी डोळे मिटून गुरूंना म्हटलं, आत्ता काहीतरी खूण द्या. काही घडलं नाही. लोक ट्रॉल्या ढकलत आत जात होते, वेळ पळत होता. मला फक्त लेकीचा तो प्रश्न ऐकू येत होता. विश्वास बसला म्हणून नव्हे, दुसरं काही सुचेना म्हणून मी पत्ता सांगितला आणि डबा नि मसाला त्या परक्या माणसाच्या हातात दिला. जीव तुटला माझा.

तिकडे उतरल्यावर माझीच बॅग उघडली गेली. गणवेशातल्या तरुणाने ओव्याची पुडी हुंगली, सुंठ हुंगली आणि विचारलं, "खशखश?" मी नाही म्हणून मान हलवली. त्याने बॅग बंद केली. वळून पाहिलं तर ती म्हातारी गर्दीत दिसेनाशी झाली होती. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

दवाखान्यात पोचले तेव्हा लेकीला आत न्यायला दार उघडलं होतं. तिने माझा हात घट्ट पकडला. म्हणाली, "आलीस." बस, एवढंच. थोड्या वेळाने आतून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि मी भिंतीला टेकून हमसाहमशी रडले.

मग ह्यांना फोन लावला. ह्यांनी सांगितलं, दुपारी उन्हातून तो माणूस डबा घेऊन आला होता. आमचे चार जिने चढून. ह्यांनी लाडू पुढे केला तर म्हणाला, रोजा आहे. पाणीसुद्धा घेतलं नाही. जाताना स्वतःचा नंबर देऊन गेला, "मुलीची सुटका झाली की कळवा, बहिणीने जाताना बजावलंय."

गुरूंवर भार टाकला असं मी आयुष्यभर म्हणत आले, पण त्यांनी मदतीला कोणाला पाठवायचं, हे मात्र मीच ठरवत बसले होते. मी ह्यांना म्हटलं, "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. गावाला मागाहून कळवा, आधी त्यांना फोन लावा."