टोपली कोण आणत होतं

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की उठून अंगणात जायचो. आता ऐंशी उलटली, आणि हे ठाऊक असलेला माझ्याशिवाय कोणी उरलेला नाही.

बेचाळीसच्या चळवळीत आम्ही पाच जण आंबेनळीच्या रानात लपलो होतो. पोलादपूरहून पत्रकं आणि भाकऱ्या एक बाई आणायची, महारवाड्यातली. नाक्यावरचे शिपाई सगळ्यांची गाठोडी उचकटत, तिच्या टोपलीला मात्र शिवत नसत. आमच्या पुढाऱ्याने तिला निवडलं ते त्यासाठीच. पत्रकांवर तिने थापलेल्या भाकऱ्या असत. त्या आम्ही तिच्यासमोर बसून खाल्ल्या. घरी परतल्यावर कोणीच हे बोललं नाही.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तालुक्याला स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचा दगडी स्तंभ उभा राहायचा होता. नावं ठरवायच्या बैठकीत ती स्वतः अर्ज घेऊन आली. साक्षीदार म्हणून तिने माझं नाव दिलं होतं. पाचांतला मी एकटाच तेव्हा तालुक्यात उरलो होतो. मी शाळामास्तर, मुलीचं लग्न ठरत आलेलं, आणि तिचे होणारे सासरे माझ्या शेजारच्याच खुर्चीवर.

अध्यक्ष तिला म्हणाले, "नवऱ्याचं नाव घालूया गो. बरं दिसतं."

"तो तवा मुंबयला गिरणीत व्हता. घाट मी चढले."

"आणि अर्जात धर्म बौद्ध कशाला? तेव्हा हिंदूच होतीस ना?"

"व्हते ना. मग देवळात का नाय घेतलात?"

दोघं-तिघं हसले. व्याही हसले नाहीत.

ती म्हणाली, "दगडावर माजं नाव पायजे. नवऱ्याचं नाय."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही हिच्या हातचं खाल्लंत म्हणते. खरं?"

व्याह्यांनी पाय आखडून घेतल्याचं मला दिसलं.

"टोपली कातळावर ठेवलेली असायची," मी म्हणालो. "कोण ठेवून जायचं, ते आम्ही पाहिलं नाही."

ती ओरडली नाही. "मीठ कमी हाय म्हणून रोज कुणाजवळ कुरकुर करायचास रे?" एवढंच म्हणाली आणि अर्ज उचलून निघाली.

स्तंभावर माझं नाव तिसरं आहे. तिचं नाही. मुलीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

पुढे काही वर्षांनी ती महाडच्या स्टँडवर दिसली, दासगावच्या गाडीची वाट बघत. मी मुद्दाम जवळ गेलो. 'बाई, मी खोटं बोललो, माफ करा,' एवढंच बोलायचं होतं. तिनेच आधी विचारलं, "पोरगी सुखात हाय ना?"

"हो," मी म्हणालो.

गाडी लागली. ती चढली, खिडकीपाशी बसली. कंडक्टरने घंटी मारेपर्यंत मी खाली उभा राहून भाताचं पीक यंदा कसं आहे ते विचारत राहिलो.