आईच्या अंगातलं वारं

आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेली पहिली मी. त्यामुळं तिबेटी डॉक्टरांची हिंदी आईला मराठीत सांगायचं काम आपसूक माझ्याकडं आलं, आणि मी ते ऐटीत केलं. तिथंच घोळ झाला.

वडील गेल्यापासून आई कागलजवळच्या गावात एकटी राहते. वर्षभर तिला झोप नव्हती, छातीत धडधडायचं, हात थरथरायचे. तपासण्या केल्या, रिपोर्ट सगळे चांगले. कोल्हापुरात माझ्या घराजवळ थंडीत स्वेटर विकणाऱ्या एका तिबेटी बाईंनी सांगितलं, त्यांच्या डॉक्टर दोन दिवस येणार आहेत. तिबेटीत वैद्याला 'आमची' म्हणतात, हे मी वाटेत आईला सांगितलं.

"आमची? आन् तुमची कुठं बसत्या?" आई म्हणाली.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या. आईच्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून त्यांनी नाडी पाहिली. मग म्हणाल्या, "इनकी हवा बढ़ गई है."

"आई, तुझ्या अंगात वारं वाढलंय," मी सांगून टाकलं.

आईनं हात ओढून घेतला. आमच्याकडं अंगावरनं वारं गेलं म्हणजे अर्धं अंग लुळं पडलं. तिची आई तशीच अंथरुणाला खिळून गेली. मला हे ठाऊक होतं, तरी तोंडात तोच शब्द आला.

"माझ्यावरनं वारं जाणार व्हय गं?"

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आईचा हात परत धरून म्हणाल्या, लकवा नाही. श्वास आणि मनातले विचार जिच्यामुळं हलतात, ती ही हवा. काळजीनं, रिकाम्या पोटानं, एकटेपणानं ती उधळते. काल रात्री काय खाल्लं?

"भाकरी-आमटी."

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत पाहिलं. बोटं मनगटावरच.

"च्या आन् बेकरीतले दोन कडक बटर," आई खाली बघत म्हणाली. "रोजचंच हाय. एकटीसाठी कुठं चूल पेटवू?"

मी रोज संध्याकाळी फोन करायचे. "जेवलीस?" "जेवलो की." तेवढ्यावर माझं समाधान. आता तिचं हे वाक्य मलाच हिंदीत सांगावं लागलं.

डॉक्टरांनी तपकिरी गोळ्या दिल्या, चुरून गरम पाण्यातून घ्यायच्या. तळपायांना कोमट तेल चोळायचं. रात्री गरम जेवण, हाडांचा रस्सा, आणि जेवायला कुणीतरी सोबत पाहिजेच. आधीपासून चालू असलेली रक्तदाबाची गोळी बंद करायची नाही, हेही बजावलं.

"गोळ्या हितं मिळाल्या," आई मला म्हणाली. "सोबत कुठल्या दुकानात मिळत्या, इचार की त्यास्नी."

ते मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "चुकलं माझं, आई."

"तुझी बी हवा लई वाढल्या, बी.ए. झाल्यापासनं."

"माझ्याकडं चल राहायला."

"आन् म्हशीची धार तुझा दादला काढणार?"

शेवटी असं ठरलं, की बुधवारी मी शिकवते ती शाळा सुटल्यावर आणि रविवारी मी कागलची एसटी धरायची. बाकीच्या दिवशी शेजारच्या म्हातारीनं आपलं ताट आईकडं आणायचं. म्हातारीला दात नाहीत, पण तोंड थांबत नाही.

पहिल्या रविवारी मी मटण नेलं. आईनं तिखट घालायच्या आधीच अळणी रस्सा बाजूला काढला, दोन वाट्या भरल्या आणि मी हात धुऊन येईपर्यंत घास न घेता बसून राहिली.