कानात सांगायचं उत्तर

सुमन गेल्यावर तिचं कपाट रिकामं करायला मी तिच्या शाळेत गेलो. पाचवीच्या वर्गात नव्या बाई इंग्रजी शिकवत होत्या. मी खिडकीशी थबकलो.

बाईंनी चित्र दाखवून एका मुलीला प्रश्न विचारला. ती उठली, सरळ त्यांच्याजवळ गेली आणि टाचा उंचावून त्यांच्या कानाशी तोंड नेऊ लागली.

"अगं, हे काय? जागेवरून सांग, मोठ्यानं."

मुलगी गप्प. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, ती कानातच सांगते. मग सुमनबाई मोठ्यानं म्हणायच्या."

चुकण्याची धास्ती असलेल्या मुलांना सुमननं ही मुभा दिली होती, हे मला ठाऊकच नव्हतं. परकी भाषा पहिल्यांदा उच्चारायला एक विश्वासाचा कान पुरत असावा. आपल्या भाषेतलंही काही तसंच असतं. ती गेल्यापासून माझं कितीतरी बोलणं ओठांशी येऊन परत फिरतं.

नव्या बाई मनानं चांगल्या होत्या. "बरं, सांग," म्हणत त्या वाकल्या आणि केस मागे सारून त्यांनी कान पुढे केला.

मुलगी त्या कानाकडे थोडा वेळ बघत राहिली. मग काहीच न बोलता जागेवर जाऊन बसली.