धनाजीचे नऊ फोटो

कराडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत नानासो फोटोवाल्यांचं दुकान आहे. उत्कर्षा त्यांची धाकटी मुलगी. बारावी झाल्या झाल्या ती कॅमेरा गळ्यात अडकवून वडिलांबरोबर लग्नं करायला लागली, आणि सहा-सात वर्षांत तिला त्या कामाचा इतका वीट आला, की नवरानवरी हसली तरी हिचे दात आंबायचे. "हसा" म्हटल्यावर माणूस जे हसतो ते तिला एका दिवसात दोनशे वेळा बघावं लागायचं.

अशात एके दिवशी जयराज दुकानात आला. आला होता पासपोर्ट फोटोसाठी. केस खांद्याखाली, अंगात काळा टी-शर्ट, त्यावर कवटी. नानासोंनी त्याला स्टुलावर बसवलं.

"केस मागं घ्या. दोन्ही कान दिसाय पायजेत."

त्यानं मुकाट्यानं केस मागे बांधले. नानासो लेकीकडे बघून हळूच म्हणाले, "तसा पोरगा बरा दिसतोय की."

जयराज सांगलीचा. तो ड्रम वाजवायचा. त्यांच्या बँडचं नाव 'करपा'. द्राक्षबागेवर पडणाऱ्या रोगाचं नाव बँडला कोण देतं, असं उत्कर्षानं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "रविवारी येऊन बघ. आणि जमलं तर फोटो काढ. आमचा एकबी फोटो धड न्हाई."

ती गेली. कुपवाडच्या एमआयडीसीत एका बंद पडलेल्या शेडमध्ये चाळीसेक पोरं जमली होती. दोन हॅलोजन, एक लाल दिवा. आवाज सुरू झाला तसा तो कानांआधी तिच्या छातीवर आदळला. पोरं गाण्याच्या तालावर एकमेकांना धडका देत होती, पडणाऱ्याला उचलून उभं करत होती आणि पुन्हा धडका देत होती. आणि पुढे, माइकसमोर, गळ्यात गिटार अडकवून उभा होता धनाजी.

कार्यक्रमाआधी तिनं त्याला कोपऱ्यात बसून शेंगदाणे खाताना पाहिलं होतं. अंगानं किरकोळ, रंगानं काळा, कुणाशी न बोलणारा. तिला वाटलं होतं, वायरी उचलायला आलेला कुणी असेल. तोच माणूस तोंड उघडून असं काही गुरगुरला, की उत्कर्षा दोन पावलं मागे सरकली. शब्द मराठी होते. रोग येऊन एका वाड्यावरची सगळी मेंढरं कशी मेली, त्याचं ते गाणं होतं. लग्नातल्या दोनशे हसण्यांत तिला कधी सापडलं नव्हतं ते त्या एका तोंडावर होतं. त्या तोंडाला कुणीही "असा चेहरा कर" म्हणून सांगितलं नव्हतं.

सहाशे फोटो घेऊन ती घरी आली. त्यातले निम्मे काळेकुट्ट, उरलेले हललेले. अकरा निघाले बरे. त्या अकरांनी तिचं आयुष्य वळवलं.

पुढच्या दोन वर्षांत ती हे काम शिकली. फ्लॅश मारायचा नाही. मोठ्या कार्यक्रमात स्टेज आणि कठडा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत फोटोवाल्यांना फक्त पहिली तीन गाणी उभं राहू देतात, तेवढ्यात काय ते उरकायचं. कानात बोळे घालायचे. आधी कोल्हापूर झालं, मग पुणे, मग मिरजेहून रेल्वेनं बेंगळूर. बेंगळूरच्या एका ऑनलाइन मासिकानं तिचे फोटो छापले आणि पुण्याची पोरं तिला नावानं बोलवू लागली. लग्नसराईत ती वडिलांबरोबर असायची आणि बाकी वर्षभर या काळ्या टी-शर्टवाल्यांच्या मागे. भावकीत बोलणं व्हायचं. "भुतं नाचत्यात तितं जाती म्हणं नानासोची पोरगी." नानासो ऐकून घ्यायचे. घरी येऊन एवढंच विचारायचे, "जेवायला मिळतं न्हवं तितं?"

कुठंही गेली तरी 'करपा'चा कार्यक्रम तिनं चुकवला नाही. धनाजी मूळचा जत तालुक्यातला, धनगराचा. दिवसा तो तासगावजवळ बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या रचायचा. आईला तो अव्वा म्हणायचा. त्यांच्या गावापासून कर्नाटकची हद्द चालत जाण्याइतकी जवळ. एकदा कोल्हापूरहून परतताना टेम्पोत तिनं त्याला विचारलं, "घरी माहीत आहे का, तू काय गातोस ते?"

"अव्वाला वाटतंय मी भजनात हाय."

"मग खरं सांग की."

"सांगिटलं एकदा. गानं म्हनतो म्हनलं. तर म्हनली, म्हन की मग. म्या न्हाई म्हनून दावलं." तो थोडा वेळ बाहेर बघत बसला. "घाबरंल ती."

मग म्हणाला, "मला एक फोटू दे गं. बघनाऱ्याच्या कानात आवाज गेला पायजे, असा."

"बघू," उत्कर्षा म्हणाली. खरं तर तीही तोच फोटो शोधत होती. त्याचे दीडेक हजार फोटो तिच्याकडे होते. पण तसा एकही नव्हता.

त्यांच्यात काही होतं का, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. तिलाही ते ठाऊक नाही. तिनं मनाला विचारायच्या आतच सगळं संपलं.

ऑक्टोबरातला शनिवार होता. सांगलीबाहेर लग्नाच्या एका लॉनवर चार बँडांचा कार्यक्रम ठेवला होता. आदल्या दिवशी परतीचा पाऊस झोडपून गेला होता, त्यामुळे हिरवळीत पाय रुतत होते. स्टेजवरचा गालिचा ओला होता. मागे नवरानवरीच्या सोनेरी खुर्च्या तशाच एकीवर एक रचून ठेवलेल्या. वीज सारखी जात होती म्हणून साउंडवाल्यानं जनरेटर आणला होता. दुपारी साउंड तपासताना धनाजी जयराजला म्हणाला, "माइक ओठाला झिनझिन्या आनतोय गड्या." जयराजनं साउंडवाल्याला सांगितलं. त्यानं एक वायर काढून दुसरी जोडली आणि "झालं" म्हणून सांगितलं. उत्कर्षा तिथंच होती. धनाजी चहाचा कागदी कप घेऊन स्पीकरवर टेकला होता, त्याचा तिनं एक फोटो काढला आणि लेन्स पुसायला घेतली.

सहा-चाळीसच्या सुमाराला दुसरं गाणं चालू होतं. ती स्टेजला चिकटून उभी होती, धनाजीपासून फार तर सात फुटांवर. डावा हात गिटारच्या तारांवर ठेवून त्यानं उजव्या हातानं माइक पकडला. मान मागे गेली. तोंड उघडलं. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या आणि डोळे सरळ तिच्या लेन्समध्ये रोखले गेले.

मिळाला, असं तिला वाटलं. तिनं बटण दाबलं.

तो हलला नाही. तसाच थांबला, जणू तिच्यासाठीच. ती दाबत गेली. कॅमेरा भराभर फोटो काढण्यावर लावलेला नव्हता. दर वेळी बोट उचलून तिनं पुन्हा दाबलं होतं. ड्रम जोरात चालू होते. जयराजला मागून फक्त पाठ दिसत होती. लोक ओरडत होते. मग धनाजी माइकच्या दांडीसकट आडवा झाला आणि लोकांनी आणखी मोठा जल्लोष केला.

त्यांना तो गाण्याचाच भाग वाटला. उत्कर्षालाही.

जयराजनं काठ्या टाकल्या आणि धावत जाऊन जनरेटर बंद केला. अंधार झाला. त्या अंधारात तो एकच वाक्य ओरडत होता, "हात लावू नका त्याला, हात लावू नका!" गाडीत घातलं तेव्हाच धनाजीचं अंग सैल पडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि बाहेर येऊन मान हलवली.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी उत्कर्षाला बोलावलं. फोटोवर वेळ असते, ती त्यांना हवी होती. तिनं कॅमेऱ्यातलं कार्ड नेलं. हवालदारानं एकेक फोटो उघडून वेळ कागदावर लिहून घेतली. पहिल्या फोटोपासून नवव्यापर्यंत आठ सेकंद. लिहून झाल्यावर त्यानं तिच्याकडे बघितलं आणि पाणी मागवलं.

घरी नानासो तिच्याजवळ बसून राहिले. "फोटोवाल्याचं काम बटण दाबायचं," ते म्हणाले. "तू तुझं काम केलंस."

"तो माझ्याकडं बघत होता, नाना."



महिना-दीड महिन्यानं जयराज आणि ती धनाजीच्या गावी गेले. माळावरचं दोन खोल्यांचं घर, शेजारी मेंढरांचा रिकामा वाडा. कळप घेऊन भाऊबंद कृष्णाकाठाला उतरले होते. धनाजीचे वडील गुंडा यंदा मागे राहिले होते. उत्कर्षानं चहाच्या कपाचा तो दुपारचा फोटो मोठा करून, काच लावून नेला होता. आई अंबूबाईंनी तो मांडीवर घेतला आणि पदरानं काच पुसली. पुसलेली काच त्या पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या.

"ह्यो दुपारचा न्हवं?"

"हो, मावशी."

"शेवटचा तुझ्याकडं हाय म्हनत्यात. दाव."

जयराज मध्ये पडला, "आवं मावशी, कशाला—"

"तू गप ऱ्हा. तिला इच्यारतीया मी."

उत्कर्षानं मोबाइलवर एकच दाखवला, पहिला. अंबूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, मग लांब नेला.

"लय दुखतंय त्याला," त्या म्हणाल्या. "तुला दिसलं न्हाई व्हय?"

ही बाई आईच असल्यामुळे तिला एका नजरेत कळलं असेल, किंवा तिनं त्याला कधी गाताना पाहिलं नव्हतं म्हणून कळलं असेल. खोटं सांगायचं उत्कर्षाच्या मनात येऊन गेलं.

"मला वाटलं, गातोय," ती म्हणाली.

बाहेर गुंडांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मग अंबूबाईंनी मोबाइल तिच्या हातात परत दिला.

"भाकरी खाऊन जावा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. जेवताना त्या तिच्या ताटाकडे आल्या नाहीत. जयराजच्या हाताशी भाकरीची दुरडी ठेवली आणि चुलीपुढे पाठ करून बसल्या. निघताना उत्कर्षा पाया पडायला वाकली, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण तिच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

धनाजीच्या शेवटच्या फोटोंची बातमी सगळीकडे पसरली होती. बेंगळूरच्या मासिकानं त्या नऊ फोटोंपैकी एक मागितला, 'श्रद्धांजली म्हणून'. तिनं नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या कुणी विकत मागितला, त्याला उत्तरच दिलं नाही. पण नाव झालं ते झालंच. ज्या कार्यक्रमांच्या दारात तिला कुणी उभं केलं नसतं, तिथून आपणहून फोन येऊ लागले. वर्षभर तिनं एकही घेतला नाही. नानासोंबरोबर बारशी केली, शाळेची ओळखपत्रं केली, लग्नं केली, लोकांना "हसा" म्हणून सांगितलं.

मग एका दिवाळीनंतर ती पुण्याला गेली. का गेली, ते तिला धड सांगता येत नाही. दुसरं कुठलं काम करताना हात जिवंत वाटत नव्हते, एवढंच म्हणते. आता तिला महिन्यात दोन-तीन कार्यक्रम असतात. पुण्यात, बेंगळुरात, एकदा गुवाहाटीलासुद्धा जाऊन आली. बॅगेत लेन्सबरोबर वीजवाल्याचा टेस्टर आणि मीटर असतो. कार्यक्रमाआधी ती स्टेजवर चढून प्रत्येक माइक तपासते. साउंडवाले वैतागतात, काही हसतात. एकदा नाशकात मीटरचा काटा सरकला, तेव्हा तिनं कार्यक्रम सुरूच होऊ दिला नाही. पंधरा मिनिटं भांडली. नवी तार ओढून झाल्यावर तिनं तो माइक पुन्हा मीटर लावून बघितला.

तिचे फोटो पूर्वीइतके चांगले येत नाहीत, असं ती स्वतःच सांगते. कुणी गायक तोंड उघडून लेन्सकडे बघायला लागला, की ती कॅमेरा खाली घेते आणि तो हलतोय का ते बघते. तेवढ्यात क्षण निघून जातो. जयराजनं ड्रम विकले. तो आता कुपवाडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे.

साउंडवाल्यावरचा खटला सांगलीला उभा राहिला, तेव्हा उत्कर्षाची साक्ष झाली. नऊ फोटो छापून फाइलला लावले होते. समोरच्या वकिलानं ते एकेक करून तिच्यापुढे धरले.

"हे तुम्हीच काढलेत?"

"हो."

"आठ सेकंद तुम्ही सात फुटांवरून फोटो काढत होता. तुम्हाला काही वावगं वाटलं नाही?"

"नाही."

"तुम्हालाच वाटलं नाही, तर माझ्या अशिलाला कसं वाटणार?"

"त्याला दुपारी सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलं नव्हतं." पण आवाज इतका बारीक निघाला, की कोर्टानं पुन्हा बोलायला सांगितलं. तिनं पुन्हा सांगितलं. उरलेली उलटतपासणी पुढच्या तारखेवर गेली.

बाहेर कट्ट्यावर गुंडा बसले होते. जतहून पहाटेच्या गाडीनं आले होते, आत यायला धीर झाला नव्हता.

"झालं का गं?"

"नाही. तारीख दिली. श्रावणातली."

त्यांनी मनाशी हिशेब केला. "तवा मेंढरं घरालाच असत्यात. मला येता यील."

"मावशी कशा आहेत?"

"हाय," ते म्हणाले आणि काठी टेकून उठले.

स्टँडपर्यंत दोघं चालत गेले. जतची गाडी लागलेलीच होती, पण गर्दी फार. उत्कर्षानं खिडकीतून आत पिशवी टाकून त्यांच्यासाठी जागा धरली. ते चढून बसेपर्यंत ती खाली उभी राहिली, आणि गाडी गेल्यावर कराडच्या फलाटाकडे वळली.